इंग्लंडांतील फुटबॉल-संघांची वेतनमर्यादा व परदेशीय खेळाडू

त्रैमासिकाच्या वाचकांस हा विषय प्रथमदर्शनीं परका वाटेल. सनदा, महजर आणि तैनातजाबते चाळणाऱ्या मंडळींनीं चेंडूच्या खेळाच्या नियमावल्या कां वाचाव्या, अशी शंका येणें साहजिक आहे. तिचें उत्तर एवढेंच कीं, चाकराच्या वेतनाचा कागद कोणत्याहि देशाचा असो, तो वाचण्याची रीत एकच असते. कागदावर किती लिहिलें, हातीं किती पडलें, आणि चाकरी सोडून जाण्याची मोकळीक होती कीं नव्हती, हे तीन प्रश्न त्यास विचारावे लागतात. इंग्लंडांतील फुटबॉलच्या कागदांस हे प्रश्न विचारले असतां जें निष्पन्न झालें तें येथें मांडीत आहें.

सन १९६१ त इंग्लंडांत खेळाडूंच्या वेतनावरील मर्यादा उठली, आणि म्हणून परदेशीय खेळाडूंस त्या देशाचें दार उघडलें, असा समज सहज होतो. कालानुक्रम पाहतां तो टिकत नाहीं. मर्यादा उठली १९६१ त. दार उघडलें १९७८ त. मधलीं सतरा वर्षें हींच या लेखाचें कारण होत.

प्रथम परिभाषेविषयीं दोन शब्द. एक संघ आपला खेळाडू दुसऱ्या संघास देतांना जी रक्कम घेतो तिला ‘निष्क्रय’ म्हणावें असें मनांत आलें होतें. परंतु तो शब्द येथें लागू पडत नाहीं. कौटिल्याच्या दासकर्मकरकल्पांत मूल्य चुकतें झालें म्हणजे मनुष्य सुटतो. येथें मूल्य चुकतें झाल्यावर तो सुटत नाहीं; एका दावणीचा सुटून दुसऱ्या दावणीस बांधला जातो. म्हणून ‘बदलीमूल्य’ हा साधा शब्द योजिला आहे.

इंग्लंडच्या फुटबॉल-मंडळानें वेतन घेऊन खेळण्यास मान्यता दिली ती १८८५ सालीं, आणि बारा संघांची लीग स्थापन झाली १८८८ त. १८९३ पासून असा नियम झाला कीं, एकदां एका संघाच्या पटावर नांव चढलें म्हणजे त्या संघाच्या संमतीवांचून तें दुसऱ्या पटावर चढावयाचें नाहीं. करार संपला तरीहि नाहीं. हंगामाच्या अखेरीस संघ ‘राखलेल्यांची’ यादी देई. यादींत नांव असलें आणि नव्या अटी पसंत नसल्या, तर खेळाडूनें स्वस्थ घरीं बसावें! त्यावर १९०१ पासून दुसरें कुलूप बसलें, तें असें कीं आठवड्यास ४ पौंडांहून अधिक वेतन कोणी देऊं नये. धनिक संघांनीं सारे उत्तम खेळाडू गोळा करूं नयेत, हा हेतु सांगितला गेला. हेतु अगदींच खोटा होता असें म्हणवत नाहीं. पण वेतनास मर्यादा घालून बदलीमूल्य मोकळें सोडलें, म्हणजे खेळाडूच्या गुणांची किंमत नाहींशी होत नाहीं. ती घेणारा हात तेवढा बदलतो.

याचा पुरावा लवकरच मिळाला. फेब्रुवारी १९०५ मध्यें आल्फ कॉमन नांवाचा खेळाडू संडरलंड संघाकडून मिडल्सब्रो संघाकडे १,००० पौंडांस गेला. ४ पौंडांच्या दरानें ही त्याच्या जवळजवळ पांच वर्षांच्या वेतनाएवढी रक्कम झाली, आणि ती संघास मिळाली. लोकांत ओरड झाली. १९०८ त मंडळानें बदलीमूल्यासहि ३५० पौंडांची मर्यादा घातली. ती कांहीं महिनेच टिकली. एका चांगल्या खेळाडूबरोबर दोन-तीन बिनकामाचे खेळाडू जोडून द्यावयाचे आणि प्रत्येकाचें निराळें मूल्य लावावयाचें, ही युक्ति संघांस तत्काळ सुचली.

वेतनाची मर्यादा मात्र साठ वर्षें राहिली. १९२२ त ती ८ पौंड होती, १९४७ त १२, १९५३ त १५, १९५८ त २०. हे कागदावरचे आंकडे. तैनातजाबता वाचणारास सांगावयास नको कीं, नेमलेली तैनात आणि पावलेली रक्कम यांत अंतर असतें. बहुधा पावलेली कमी असते. इंग्लंडांत उलट प्रकार होता. १९५७ सालीं संडरलंड संघाच्या दप्तराची चौकशी झाली, तेव्हां मैदान झांकण्याकरितां घेतलेल्या पेंढ्याच्या हिशेबांतून खेळाडूंस गुप्तपणें पैसे गेल्याचें बाहेर पडलें. संघास ५,००० पौंड दंड झाला. पेंढ्याच्या नोंदींतून सत्य काढणारा तो हिशेबतपासनीस आमच्या मंडळाचा सभासद शोभला असता.

आतां परदेशीयांकडे वळूं. १९३० सालीं लंडनच्या आर्सनल संघाचा चालक हर्बर्ट चॅपमन यानें व्हिएन्नाचा प्रख्यात गोलरक्षक रुडी हिडेन यास आणण्याचें ठरविलें. बोलणें पुरें झालें, गृहस्थ इंग्लंडच्या किनाऱ्यास लागलाहि, आणि मजूर-खात्यानें त्यास उतरूं दिलें नाहीं. इंग्रज खेळाडूचा घांस जातो, ही तक्रार खेळाडूंच्या संघटनेचीच होती. पुढील वर्षीं मंडळानें नियम केला कीं, ब्रिटिश प्रजाजन नसलेल्यानें दोन वर्षें देशांत वास्तव्य केल्यावांचून व्यवसायी म्हणून खेळूं नये. दोन वर्षें उपाशी कोण राहणार? हिडेन पुढें पॅरिसला गेला, आणि १९४० सालीं फ्रान्सच्या राष्ट्रीय संघाकडून खेळला.

या नियमाच्या फटींतून आले ते थोडे. बर्ट ट्राउटमन हा जर्मन युद्धकैदी म्हणून आला, सुटका झाल्यावर तेथेंच राहिला, आणि १९४९ त मँचेस्टर सिटीचा गोलरक्षक झाला. त्याचें वास्तव्य सरकारनेंच करविलें होतें. स्वीडनचा हान्स येप्सन १९५१ त चार्लटन संघाकडून खेळला तो बिनवेतन, हौशी म्हणून. पुढल्याच वर्षीं इटलींतील नापोली संघानें त्याच्यासाठीं १० कोटि ५० लक्ष लिरा मोजले. साम्राज्यांतील प्रजाजनांस मात्र आडकाठी नव्हती. दक्षिण आफ्रिकेंत जन्मलेला एडी फिरमानी याच चार्लटन संघांत वाढला, आणि १९५५ त ३५,००० पौंडांस इटलींतील सांपदोरियाकडे गेला. म्हणजे बाहेरच्यास आंत येण्याची बंदी होती. आंतल्यास बाहेर विकण्याची नव्हती.

१९५७ सालीं लीड्सचा वेल्श खेळाडू जॉन चार्ल्स युव्हेंटस संघाकडे ६५,००० पौंडांस गेला. तेव्हां मर्यादा आठवड्यास १५ पौंड होती. ती बारमाही धरली तरी हें मूल्य सुमारें ८३ वर्षांच्या वेतनाएवढें होतें. १९०५ तील पांच वर्षें आणि १९५७ तील ८३ वर्षें, हे दोन आंकडे शेजारीं ठेवावे. चार्ल्सला इटलींत सहीबद्दल मिळालेली रक्कम सुमारें १०,००० पौंड सांगतात. इंग्लंडांत सहीबद्दल १० पौंड देण्याची परवानगी होती.

या पद्धतीचें मर्म एका अपवादानें जितकें उघडें पडलें तितकें कोणत्याहि नियमानें पडलें नाहीं. आंतरराष्ट्रीय महासंघांतील देश एकमेकांचे पट मानीत. म्हणून परदेशीय संघासहि बदलीमूल्य भरावें लागे. १९४८ त स्थापन झालेली कोलंबियाची लीग महासंघाच्या बाहेर पडली होती. तिला कोणाचे पट मानण्याचें कारण नव्हतें. मूल्य वांचलें तें तिनें वेतनांत घातलें. अर्जेंटिनांत १९४८ च्या अखेरीस खेळाडूंचा संप सुरू झाला होता. तेथील पेदर्नेरा, दि स्तेफानो आदि नामांकित मंडळी १९४९ त बोगोता शहराच्या मियोनारियोस संघांत गेली. १९५० त इंग्लंडचे नील फ्रँकलिन, जॉर्ज माउंटफर्ड आणि चार्ली मिटन त्याच शहरांतील सांता फे संघांत गेले. मिटनला सहीबद्दल ५,००० पौंड व वर्षास तितकेंच वेतन देऊं केलें होतें. घरीं त्यास १२ पौंडांच्या मर्यादेंत वर्षाकाठीं साडेसहाशेंहि मिळाले नसते. बदलीमूल्य शून्य झालें तेव्हां खेळाडूची खरी किंमत काय ती या एका ठिकाणीं दिसली.

फ्रँकलिनचें तेथें जमलें नाहीं. तो लवकरच परतला, पण इंग्लंडच्या राष्ट्रीय संघांत त्यास पुन्हां घेतलें नाहीं. मिटनला २५० पौंड दंड व सहा महिने बंदी झाली, आणि नंतर त्याच्या जुन्या संघानें त्यास रीतसर मूल्य घेऊन फुलम संघास विकलें. वर्षभर दुसऱ्या खंडांत राहिलेल्या माणसाचें नांव पटावरून उतरलें नव्हतें!

कोलंबियाशीं १९५१ त लिमा येथें तडजोड झाली; १९५४ पर्यंत खेळाडू मूळ संघांस परत द्यावयाचे ठरलें. त्यांतून दि स्तेफानोचें प्रकरण उपस्थित झालें. १९५३ त बार्सेलोनानें त्याचा हक्क अर्जेंटिनांतील रिव्हर प्लेट संघाकडून घेतला, आणि रेआल माद्रिदनें मियोनारियोसकडून. कागद एकाकडे, भोगवटा दुसऱ्याकडे! वतनाच्या तंट्यांत मुरलेल्या वाचकांस पुढील निवाडा ओळखीचा वाटेल: स्पेनच्या मंडळानें आळीपाळीनें एकेक हंगाम दोहोंनीं त्यास खेळवावें असें ठरविलें. बार्सेलोनानें पाळी सोडली, आणि तो माद्रिदचा झाला.

इंग्लंडांत कुलुपें निघालीं तीं निरनिराळ्या किल्ल्यांनीं. जॉर्ज ईस्टम हा न्यूकॅसल संघाचा खेळाडू १९६० त करार संपल्यावर जाऊं इच्छीत होता. संघानें त्यास राखलें. त्यानें खेळणें सोडून बुचें विकण्याची नोकरी धरली. त्या वेळीं न्यूकॅसलचा व्यवस्थापक होता बोगोताहून परतलेला तोच चार्ली मिटन. नोव्हेंबरांत संघानें ईस्टमला ४७,५०० पौंडांस आर्सनलला दिलें. तरीहि त्यानें दावा चालविला, आणि १९६३ त न्यायमूर्ति विल्बरफोर्स यांनीं खेळाडू राखण्याची पद्धत व्यवसायस्वातंत्र्यास अवाजवी प्रतिबंध करणारी ठरविली. तो निवाडा अवश्य वाचण्याजोगा आहे. प्रस्तुत लेखक तरुणपणीं एका शाळेंतून दुसऱ्या शाळेंत जाऊं पाहत होता. वेतनश्रेणी तीच होती, परंतु जुन्या संस्थेनें कार्यमुक्तीचा दाखला वर्षभर अडवून धरला होता. निवाडा वाचतांना त्या वर्षाची आठवण झाली, हें लपवीत नाहीं.

वेतनमर्यादा त्याआधींच, जानेवारी १९६१ त, संपाच्या धमकीनें उठली. फुलमच्या जॉनी हेन्सला आठवड्यास १०० पौंड मिळूं लागले. त्याच वर्षीं इटलीस गेलेले ग्रीव्ह्ज आणि डेनिस लॉ वर्ष-सव्वा वर्षांत परत आले. ग्रीव्ह्जसाठीं टॉटनमनें ९९,९९९ पौंड दिले. बाहेर जाण्याचें एक मोठें कारण संपलें होतें. पण आंत येण्याची बंदी जशीच्या तशी राहिली, कारण ती मर्यादेवर अवलंबून नव्हतीच. मर्यादा संघांच्या सोयीची होती आणि खेळाडूंनीं ती लढून मोडली. बंदी खेळाडूंच्याहि सोयीची होती, ती त्यांनीं कां मोडावी? बाहेरून युरोपीय समाजाच्या कायद्याचा दाब आला तेव्हां, १९७८ त, लीगनें ती उठविली, आणि त्या उन्हाळ्यांत अर्जेंटिनाचे आर्दिलेस व व्हिया हे दोघे मिळून ७,५०,००० पौंडांस टॉटनमला आले.

करार संपल्यावरहि मूल्य मागण्याचा प्रघात मोडला बेल्जमच्या बोस्मननें, १५ डिसेंबर १९९५ च्या युरोपीय न्यायालयाच्या निकालानें. संघानें त्याचें मासिक वेतन १,२०,००० फ्रँकांवरून ३०,००० वर आणूं पाहिलें होतें, आणि वर त्यास जाऊंहि द्यावयाचें नव्हतें. वेतनाची मर्यादा मात्र अमेरिकेंत १९९६ त सुरू झालेल्या लीगनें आरंभापासून ठेविली. २००७ त डेव्हिड बेकहॅम माद्रिदचा करार संपवून लॉस एंजेलिसच्या संघांत आला, म्हणून बदलीमूल्य पडलें नाहीं. आणि त्याच्यासारख्यांसाठीं लीगनें नियम केला कीं, वेतन कितीहि असो, मर्यादेच्या हिशेबांत त्यांतील ४ लक्ष डॉलर तेवढे धरावे.