हॅरिस पुलाजवळची लगोरी

दापोडी आणि बोपोडीच्या मधल्या पुलाला ज्यांचं नाव आहे, ते लॉर्ड हॅरिस 1890 ते 1895 मुंबईचे गव्हर्नर होते. त्याआधी ते इंग्लंडच्या क्रिकेट संघाचे कर्णधार होते. पण माझ्या आजोबांच्या लहानपणच्या गोष्टींत पुलाच्या अलीकडे क्रिकेट नव्हतंच. होती ती लगोरी.

"बॅटला पैसे कुणाकडं होते?" आजोबा म्हणायचे. चेंडू घरीच व्हायचा. जुन्या लुगड्याच्या चिंध्या ओल्या करून घट्ट गुंडाळायच्या, वरून सुतळी आवळायची. तो पाठीत बसला की धप्पकन वाजायचा, पण उसळायचा नाही. पुढे पंक्चरवाल्याकडून फाटकी ट्यूब मिळू लागली. तिच्या बोटभर रुंदीच्या कड्या कापून चेंडूवर उभ्या-आडव्या चढवल्या, की तो टप्पा घ्यायचा. नेम चुकला आणि समोरच्यानं एका टप्प्यात झेल घेतला तर नेम मारणारा बाद, हा नियम आजोबांच्या मते ट्यूबबरोबरच आला. मला ते पटतं. चिंध्यांचा चेंडू टप्पा घेणार कसा?

दगडांवरून मात्र त्यांचं आणि आत्याचं जुंपायचं. आजोबांना मुळा-पवनेच्या संगमावरचे चपटे गोटे हवेत, आत्याला शहाबादी फरशीचे तुकडे. गोटे लगेच ढासळतात, पण रचताना हातातून निसटतात आणि तेवढ्यात पाठीत चेंडू बसतो. फरशी पटकन रचली जाते, मात्र पाडायला नेम जबरा लागतो. माझं मत आत्याच्या बाजूनं. खेळाची खरी गंमत नेमात आहे.

खोखोही याच मातीतला. डेक्कन जिमखान्यानं 1914 च्या सुमारास त्याचे नियम बांधले आणि 2025 च्या जानेवारीत दिल्लीत त्याचा पहिला विश्वचषक झाला. लगोरी गल्लीतच राहिली. दापोडीत तर तिचे नियम एक होणं अवघडच होतं. एसटीची मध्यवर्ती कार्यशाळा, पलीकडे खडकीचे कारखाने, पुढे पिंपरीच्या कंपन्या, यांच्यामागं गावोगावची बिऱ्हाडं आली आणि प्रत्येकानं आपापली लगोरी आणली. कुणाचे पाच दगड, कुणाचे सात. डाव सुरू होण्याआधी अर्धा तास नुसती हुज्जत चालायची, आणि त्या हुज्जतीतूनच चाळीचा स्वतःचा कायदा तयार व्हायचा.

आत्याच्या चाळीचा कायदा मी आता वहीत उतरवून घेतोय: दगड सात, प्रत्येकाला नेम तीन, चेंडू हातात घेऊन पळायचं नाही, आणि डोक्यात मारला तर मारणाराच बाद.