छाटलेल्या खोडाचा इतिहास

विदर्भांतील यवतमाळ जिल्हा हा सागवानाचा प्रदेश. १८६४ सालीं जो जिल्हा अस्तित्वांत आला व पुढें वणी या नांवानें ओळखला गेला, तोच १९०५ पासून यवतमाळ जिल्हा म्हणून ओळखला जाऊं लागला. सागाच्या लागवडीची एक प्रचलित रीत पाहणाऱ्यास प्रथम निर्दयपणाची वाटते. रोपवाटिकेंतील वर्षभराचें रोप उपटावयाचें, खोड बोटभर ठेवून वरचा भाग उडवावयाचा, बाजूचीं मुळें साफ करावयाचीं आणि सोटमूळ वीतभर राखून तोडावयाचें. उरलेल्या तुकड्यास सागजडी म्हणतात. पानफांदीवांचूनची ही जडी पावसाच्या आरंभीं पहारेनें केलेल्या भोकांत बसविली कीं तिला नवा कोंब फुटतो. छाटणें म्हणजे मारणें नव्हे, ही गोष्ट वनमजुराच्या हातास पक्की ठाऊक असते.

शहरांतील घरांत मात्र या ज्ञानाचा उपयोग क्वचितच होतो. व्हरांड्यांतील ड्रेसीना वाढत वाढत छतास टेंकतें, खालचीं पानें गळून खोड उघडें पडतें, तरी त्यास सुरी लावण्याचें धैर्य होत नाहीं. वास्तविक हें झाड घरोघर पसरलें तें सुरीच्याच कृपेनें.

ड्रेसीना हा शब्द मूळचा ग्रीक असून त्याचा अर्थ राक्षसी सर्पीण असा आहे. १७६७ सालीं लिनियस या शास्त्रज्ञाच्या लेखनानें तो वनस्पतिशास्त्रांत रूढ झाला. नांवाचें मूळ झाडाच्या तांबड्या चिकांत आहे. अरबी समुद्रांतील सोकोत्रा बेटावर या वंशाचा एक छत्रीसारखा वृक्ष होतो; त्याच्या रक्तवर्ण राळेस काष्ठौषधींच्या दुकानांत हिरादखण म्हणतात. इसवी सनाच्या पहिल्या शतकांतील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनांत त्या बेटावर झाडांपासून थेंबाथेंबानें गोळा होणाऱ्या तांबड्या द्रव्याचा उल्लेख आहे. कुंडींतील सुगंधी ड्रेसीना ही याच वंशांतील, परंतु उष्ण आफ्रिकेंतील निराळी जात. १८३३ सालीं लंडनचे डॉक्टर वॉर्ड यांनीं बंद कांचपेटींतून रोपें ऑस्ट्रेलियापर्यंत जिवंत पाठवून दाखविलीं, आणि परदेशीं रोपांचा समुद्रप्रवास सुलभ झाला.

या झाडाची वाढ बियांवर कां सोंपविली गेली नाहीं, याचें कारण त्याच्या पानांवर लिहिलेलें आहे. पिवळ्या पट्ट्याचा जो वाण लोकांस आवडतो, त्याचा पट्टा बीजांतून उतरेल अशी खात्री नसते. खोडाच्या तुकड्यांतून तो सहसा कायम राहतो. म्हणून अशा वाणाचें प्रत्येक रोप हें जुन्याच एका झाडाचा पुढें चालू राहिलेला अंश असतें.

तुकड्यास मुळें कशीं फुटतात, हें कोडें उलगडावयास बराच काळ लागला. १८७८ सालीं फ्योख्टिंग या जर्मन शास्त्रज्ञानें दाखविलें कीं तुकड्यास स्वतःचें वर-खालीं असतें. तो उलटा टांगला तरी मूळच्या खालच्या टोंकाकडेच मुळें येतात. १९२८ सालीं वेंट या डच शास्त्रज्ञानें ओटच्या कोंबाच्या शेंड्यांतून उतरणारें वाढीचें द्रव्य वेगळें करून दाखविलें. पुढें १९३३-३४ च्या सुमारास थिमान व स्कूग यांनीं तेंच द्रव्य खालच्या डोळ्यांस दडपून ठेवतें हें सिद्ध केलें. शेंडा गेला कीं ती दडपण उठते व निद्रिस्त डोळे जागे होतात. तोडलेल्या तुकड्यांत तें द्रव्य बुडाशीं साचून मुळांस चालना देतें.

यवतमाळच्या हवेस या ज्ञानाची विशेष जोड द्यावी लागते. मे महिन्यांत पारा ४० अंशांवर जातो, तेव्हां छाटणी करूं नये; जून-जुलैची ओल पडूं द्यावी. शेंड्याचा भाग व खोडाचे वीतभर तुकडे करावेत, खालचें टोंक तिरपें कापावें म्हणजे उलटसुलट होत नाहीं. एक-दोन दिवस काप सुकवून तुकडे वाळू व पालाखताच्या मिश्रणांत, सावलींत लावावेत. पाणी बेतानें द्यावें. मुळांस कित्येक आठवडे लागतात. जुनें खोड टाकूं नये, कापाखालून त्यास नवे फुटवे येतात.

एक विकार मात्र छाटणीनें जात नाहीं. ड्रेसीना फ्लोराईडास फार हळवें आहे. पाण्यांत तें अधिक असल्यास पानांचीं टोंकें करपतात. जिल्ह्याच्या पांढरकवडा भागांतील भूजलांत फ्लोराईडाचें आधिक्य आढळलें आहे. त्याच पाण्यानें माणसांचे दांत डागाळतात व दीर्घ काळानें हाडें ताठरतात. म्हणून भारतीय मानकानें पिण्याच्या पाण्यांत त्याची कमाल मर्यादा लिटरला १.५ मिलिग्रॅम ठरविली आहे. करपलेलें टोंक हा पुरावा नव्हे, कारण कोरड्या हवेनेंही तसें होतें. परंतु कूपनलिकेच्या पाण्यावर वाढलेल्या झाडाचीं टोंकें वारंवार करपत असतील, तर त्यास पावसाचें पाणी द्यावें, आणि घरांतील पिण्याचें पाणी तपासून घ्यावें. खोडाची चूक सुरीनें सुधारते. पाण्याची सुधारत नाहीं.