ओव्हनविना गोडधोड, ऐन वेळच्या मेजवानीसाठी

नाताळ ते एकतीस डिसेंबर हा आठवडा शहरी घरांत अचानक ठरणाऱ्या मेजवान्यांचा असतो. सकाळी फोन येतो आणि संध्याकाळी दहा माणसे जेवायला येणार हे नक्की होते. जेवण बाहेरून मागवता येते. निदान गोडाचा पदार्थ तरी घरचा असावा, असे यजमानांना वाटते. केकसाठी लागणारा ओव्हन प्रत्येक घरात नसतो. असला तरी केक भाजणे, थंड करणे, सजवणे यासाठी वेळ नसतो. अशा वेळी न भाजता होणारी पक्वान्ने मदतीला येतात.

मात्र ओव्हन नको म्हणजे वेळही नको, असे नाही. गोव्यात नाताळला होणारा दोदोल तांदळाचे पीठ, नारळाचे दूध आणि गूळ यांपासून चुलीवरच तयार होतो. पण तो आटेपर्यंत तासन्‌तास ढवळावा लागतो. श्रीखंडाला विस्तव लागत नाही, पण दही टांगण्यात रात्र जाते. म्हणून पदार्थाला घट्टपणा कशाने येतो आणि त्याला किती वेळ लागतो, हे पाहून निवड करावी.

अर्धा तास हाताशी असेल तर

ज्या पदार्थांत घट्टपणा आधीच असतो, ते सर्वांत लवकर होतात. खजुराचा रोल हे त्याचे उत्तम उदाहरण. बिया काढलेला पाव किलो मऊ खजूर एक मोठा चमचा तुपावर मंद आचेवर चार-पाच मिनिटे परतून ठेचावा. त्यात काजू, बदाम आणि पिस्ते यांची १०० ग्रॅम भरड मिसळावी. कोमट असतानाच लांबट वळकटी करून खसखशीत घोळवावी आणि गार झाल्यावर चकत्या कापाव्यात. वरून साखर लागत नाही. तरीही खजुरात नैसर्गिक साखर भरपूर असते. मधुमेही पाहुण्यांना तो 'बिनसाखरेचा' म्हणून आग्रहाने वाढू नये.

दुसरा पर्याय कंडेन्स्ड मिल्कचा. गेल बोर्डन या अमेरिकी उद्योजकाने दूध आटवून टिकवण्याच्या पद्धतीचे पेटंट १८५६ मध्ये मिळवले. दूध आटवण्याचे वेळखाऊ काम कारखान्यातच झालेले असल्यामुळे स्वयंपाकघरातील तासभर वाचतो. सुमारे ४०० ग्रॅम कंडेन्स्ड मिल्क आणि २५० ग्रॅम सुक्या खोबऱ्याचा बारीक कीस जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर एकत्र करावा. सात-आठ मिनिटांत मिश्रण कडा सोडू लागते. वेलची पूड घालून, हाताला सोसेल इतके कोमट झाल्यावर लाडू वळावेत. पंचवीस-तीस लाडू होतात.

दोन-तीन तास असतील तर

एवढ्या वेळात थंड पक्वान्न होऊ शकते. कस्टर्ड पावडर म्हणजे मुख्यतः मक्याचे पिष्ट, रंग आणि सुवास. पत्नीला अंडे चालत नसल्याने बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्ड यांनी १८३७ मध्ये अंड्याविना कस्टर्ड तयार केले. शाकाहारी घरांनाही त्याचा उपयोग झाला. अर्ध्या लिटर दुधाला दोन मोठे चमचे पावडर पुरते. ती आधी थोड्या थंड दुधात कालवावी. गरम दुधात थेट टाकल्यास पिष्ट बाहेरून लगेच फुगते, आतले कोरडे राहते आणि गुठळ्या होतात. शिजलेले कस्टर्ड भांड्यासह थंड पाण्याच्या परातीत ठेवून ढवळावे, म्हणजे लवकर निवते आणि साय धरत नाही.

वड्या कापायच्या असतील तर चायना ग्रास वापरावे. तांबड्या समुद्री शेवाळापासून मिळणारा हा पदार्थ पूर्णतः शाकाहारी आहे. जिलेटीन मात्र जनावरांच्या हाडा-कातड्यांपासून काढतात. म्हणून ते वापरले असल्यास पाहुण्यांना सांगणे आवश्यक ठरते. चायना ग्रास घरातल्या तापमानालाही घट्ट होते, हा त्याचा मोठा गुण. १० ग्रॅम चायना ग्रास एक कप पाण्यात पंधरा मिनिटे भिजवून पूर्ण विरघळेपर्यंत उकळावे आणि एक लिटर गरम, साखर घातलेल्या दुधात गाळून ओतावे. थंड दुधात ओतले तर ते लगेच गोठून तंतू होतात.

बिस्किटांच्या रोलला घट्टपणा येतो तो लोण्यामुळे. २०० ग्रॅम मारी बिस्किटांचा चुरा, १०० ग्रॅम वितळलेले लोणी, तीन मोठे चमचे कोको, चार मोठे चमचे पिठीसाखर आणि मळण्यापुरते दूध एकत्र करून वळकटी करावी व फ्रिजमध्ये दोन तास ठेवावी. वाढण्याच्या वेळीच बाहेर काढून कापावी. गरम खोलीत ती मऊ पडते.

आदल्या रात्री कळले असेल तर

श्रीखंडासाठी दही मलमलच्या फडक्यात सहा ते आठ तास टांगावे. पाणी निथळून उरलेला चक्का आणि साखर समप्रमाणात घेण्याची रीत असली, तरी चक्क्याच्या पाऊणपट साखर आजच्या चवीला पुरते. साखर मिसळून तासभर ठेवावे आणि मग पुरणयंत्रातून काढावे. डेअरीतून तयार चक्का आणल्यास हेच पक्वान्न त्याच दिवशी दीड तासात होते.

या चुका टाळाव्यात

कच्चा अननस, पपई आणि किवी यांतील एन्झाइम दुधातील प्रथिने तोडतात. त्यामुळे पक्वान्न कडवट होते आणि जिलेटीन घट्टच होत नाही. अननस शिजवून किंवा डबाबंद वापरावा. केळे आणि सफरचंद काळे पडत असल्याने वाढण्यापूर्वीच चिरावे. तिरामिसूसारख्या इटालियन पक्वान्नाच्या मूळ पद्धतीत कच्चे अंडे असते. मुले, वृद्ध आणि गर्भवती पाहुणे असल्यास ते टाळून नुसते क्रीम वापरावे.

दुधाचे पदार्थ दोन तासांहून अधिक काळ फ्रिजबाहेर ठेवू नयेत. मेजवानी लांबणार असेल तर अर्धेच मांडावे आणि उरलेले थंड ठेवावे. सुकामेवा असलेल्या पदार्थाजवळ तशी चिठ्ठी ठेवावी; शेंगदाणे किंवा काजूची ॲलर्जी काहींच्या जिवावर बेतू शकते.

घड्याळाकडे पाहून एकच पक्वान्न निवडावे आणि ते नीट करावे. ऐन वेळी मांडलेल्या तीन अर्धवट पदार्थांपेक्षा वेळेवर झालेला खजुराचा रोल केव्हाही बरा.