आकडा आणि त्याचे एकक

२३ सप्टेंबर १९९९ रोजी नासाचे ‘मार्स क्लायमेट ऑर्बिटर’ मंगळाआड गेले, ते कायमचेच. मंगळाच्या पृष्ठभागापासून सुमारे २२६ किलोमीटरवरून जायचे ते यान ५७ किलोमीटरपर्यंत खाली आले होते. कारण सर्वश्रुत आहे. लॉकहीड मार्टिनच्या आज्ञावलीने झोतयंत्रांच्या आवेगाचे आकडे पौंड-सेकंदांत दिले, जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीने ते न्यूटन-सेकंद समजून वाचले. फरक ४.४५ पटींचा.

आम्हा भाषेच्या अभ्यासकांना यात निराळेच काही लक्षणीय वाटते. मेट्रिक एकके वापरावीत, असा लेखी संकेत आधीच ठरलेला होता. पण तो दस्तऐवजात होता. संहिता प्रवासाला निघाली आणि कोश घरीच राहिला, असे म्हणू या.

युरोपीय अवकाश संस्थेने १९९८ साली नेदरलँड्समधील नूर्डवाइक येथे ‘कॉनकरंट डिझाइन फॅसिलिटी’ उभारली. तेथे विविध शाखांचे अभियंते एकत्र बसून यानाचा आराखडा रचतात. आरंभी त्यांची देवघेव एक्सेलच्या परस्परांशी जोडलेल्या तक्त्यांतून चाले. २०१० साली ‘ईसीएसएस-ई-टीएम-१०-२५’ या रुक्ष नावाच्या तांत्रिक निवेदनाने माहितीचे सामायिक प्रारूप मांडले. त्यात ‘वस्तुमान’ ही संज्ञा सर्वांसाठी एकदाच नोंदवली जाते. मूल्यासोबत त्याची मोजपट्टी असते आणि ते कोणत्या शाखेच्या अखत्यारीतले, हेही. संकेत आता आकड्याला बिलगूनच प्रवास करतो. अर्थात ‘कोरड्या वस्तुमाना’त नेमके काय धरावे, हे माणसांनाच बसून ठरवावे लागते.