ऑनलाइन फॅमिली थेरपी : घरातल्या भांडणावर घरातूनच बोलायचं, तर आधी काय माहीत हवं?

दहावीतला मुलगा दार लावून बसतो. लग्नाला चार वर्षं झाली आणि नवरा-बायकोचं बोलणं किराणा आणि ईएमआयपुरतं उरलंय. सासूबाई आजारी, सून नोकरी करणारी, आणि दोघींच्या मध्ये मुलगा. असे प्रश्न पूर्वी मामा-काकांपर्यंत जायचे, नाहीतर मनातच राहायचे. आता ते मोबाईलवरून समुपदेशकासमोर मांडता येतात.

तालुक्याच्या गावात फॅमिली थेरपिस्ट मिळणं कठीण. मुलगी जर्मनीत आणि आई-वडील नाशिकला असतील, तर सगळे एकाच वेळी स्क्रीनवर येऊ शकतात. पण यात एक मेख आहे. क्लिनिकमध्ये दार बंद होतं. ऑनलाइन सेशनमध्ये मात्र ज्या घरात ताण आहे, त्याच घरात बसून बोलायचं असतं. त्यामुळे स्क्रीनवर कोण आहे हे जितकं तपासायचं, तितकंच आजूबाजूला कोण ऐकतंय हेही.

फॅमिली थेरपीत नक्की काय होतं?

इथे थेरपिस्ट पंच नसतो. 'चूक कोणाची' याचा निवाडा तो देत नाही. घरात तेच भांडण पुन्हा पुन्हा कसं सुरू होतं, कोण बोलतं, कोण गप्प बसतं, कोण मध्ये पडतं, हा क्रम तो दाखवतो आणि तो बदलायला मदत करतो.

उपचारात कुटुंबाला सोबत घेणं भारतात नवीन नाही. 1950 च्या दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी रुग्णांच्या नातेवाईकांना आवारातच तंबूत राहू दिलं आणि उपचारात सामील करून घेतलं होतं.

समोरची व्यक्ती कोण आहे?

इथे लोकांची सगळ्यात जास्त गल्लत होते.

- सायकियाट्रिस्ट (मानसोपचारतज्ज्ञ) : वैद्यकीय डॉक्टर. औषधं लिहून देऊ शकतात.
- क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट : यांची रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाकडे, म्हणजे आरसीआयकडे नोंदणी असते. नोंदणी क्रमांक मागा. तो विचारण्यात उद्धटपणा नाही.
- समुपदेशक : मानसशास्त्र किंवा समाजकार्यात पदव्युत्तर शिक्षण असेल आणि कौटुंबिक प्रश्नांवर काम केलेलं असेल, तर उत्तम. 2021 च्या अलाइड अँड हेल्थकेअर प्रोफेशन्स कायद्यात समुपदेशकांच्याही नोंदणीची तरतूद आहे.
- रिलेशनशिप कोच, पॅरेंटिंग कोच : हे नाव लावायला कायद्याने कोणतीही पदवी लागत नाही. रील्सवरचे फॉलोअर्स ही पात्रता नव्हे.

परदेशात राहणाऱ्या मराठी माणसांसाठी एक मुद्दा. अमेरिकेत साधारणपणे क्लायंट ज्या राज्यात बसलेला असतो, तिथला परवाना थेरपिस्टकडे असावा लागतो. पुण्यातल्या थेरपिस्टशी मराठीत बोलायचं असेल, तर 'माझ्या ठिकाणच्या नियमात हे बसतं का' हे आधी विचारा.

मूल लहान असेल तर?

सहा-सात वर्षांचं मूल कॅमेऱ्यासमोर पाऊण तास बसत नाही. त्यामुळे लहान मुलांच्या हट्ट, मारामारी, झोप, स्क्रीनटाइम अशा तक्रारींत अनेकदा आई-बाबांबरोबरच सेशन होतं. नियम कसे ठरवायचे, ते घरातल्या सगळ्यांनी सारखे कसे पाळायचे, चांगल्या वागण्याची दखल कशी घ्यायची, यावर काम चालतं. बाबांनी 'नाही' म्हटलं की आजी गुपचूप मोबाईल देत असेल, तर एखाद्या सेशनला आजीलाही बसवावं लागतं.

किशोरवयीन मुलांचं वेगळं. 18 वर्षांखालील मुलांसाठी पालकांची संमती लागते, पण मुलाने सांगितलेला प्रत्येक शब्द पालकांना कळवला जाईल असं नाही. काय सांगणार आणि काय नाही, हे पहिल्याच सेशनमध्ये तिघांसमोर ठरलं पाहिजे. नंतर 'काय बोललास?' अशी उलटतपासणी घेतली, तर पुढच्या वेळी मूल बोलणार नाही.

वन रूम किचनमध्ये एकांत कुठून आणायचा?

हे उपाय साधे आहेत :

- इअरफोन लावा. निदान समोरच्याचा आवाज बाहेर जात नाही.
- दाराबाहेर पंखा किंवा टीव्ही चालू ठेवा.
- घरात शक्यच नसेल तर उभी केलेली गाडी किंवा विश्वासातल्या मैत्रिणीचं घर. चालत्या रिक्षात सेशन घेऊ नका.
- कोणी अचानक आलं तर विषय बदलायचा इशारा म्हणून एखादा शब्द थेरपिस्टबरोबर ठरवून ठेवा.
- अपॉइंटमेंटचे मेसेज कोणत्या नंबरवर येतील आणि फीची नोंद कोणाच्या खात्यात दिसेल, याचा आधीच विचार करा.

सांगितलेलं गुप्त राहतं का?

मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 च्या कलम 23 नुसार गोपनीयता हा उपचार घेणाऱ्याचा हक्क आहे. पण त्याला अपवाद आहेत. जिवाला धोका असेल किंवा न्यायालयाने आदेश दिला, तर माहिती द्यावी लागू शकते. मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं समोर आलं, तर पॉक्सो कायद्याच्या कलम 19 नुसार तक्रार करणं बंधनकारक आहे.

दुसरा प्रश्न अ‍ॅपचा. थेरपिस्ट गप्प राहील, अ‍ॅप राहील का? अमेरिकेत 2023 मध्ये बेटरहेल्प या मोठ्या ऑनलाइन थेरपी कंपनीवर वापरकर्त्यांची संवेदनशील माहिती जाहिरातींसाठी फेसबुकसारख्या कंपन्यांना दिल्याचा आरोप तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने ठेवला. कंपनीने 78 लाख डॉलर देऊन ते प्रकरण मिटवलं.

तिसरा धोका रेकॉर्डिंगचा. पती-पत्नीच्या संभाषणाचं एकाने गुपचूप केलेलं रेकॉर्डिंग वैवाहिक खटल्यात पुरावा म्हणून घेता येतं, असं सर्वोच्च न्यायालयाने जुलै 2025 मध्ये म्हटलं. म्हणून 'कोणीही रेकॉर्ड करणार नाही' हे सुरुवातीलाच ठरवून घ्या.

जोडीने सेशन कधी घेऊ नये?

घरात मारहाण, धमक्या, फोन तपासणं, पैसे अडवणं सुरू असेल, तर एकत्र ऑनलाइन सेशन धोक्याचं ठरू शकतं. बाई स्क्रीनसमोर खरं बोलते. कॉल संपतो. थेरपिस्ट निघून जातो, आणि ती त्याच खोलीत त्याच माणसाबरोबर उरते.

अशा वेळी एकटीने आणि सुरक्षित ठिकाणाहून मदत घ्यावी. महिला हेल्पलाइन 181, मुलांसाठी 1098, तातडीच्या मदतीसाठी 112. 'दोघांनी बसून मिटवा' हा सल्ला हिंसेला लागू होत नाही. कौटुंबिक हिंसाचार कायदा, 2005 खाली संरक्षणाचा आदेश मागता येतो.

फी परवडत नसेल तर?

केंद्र सरकारची टेली मानस सेवा 10 ऑक्टोबर 2022 पासून सुरू आहे. 14416 वर 24 तास, मोफत, मराठीतही बोलता येतं. आधी समुपदेशक ऐकून घेतात, गरज असेल तर तज्ज्ञांकडे पाठवतात. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेची आयकॉल सेवाही फोनवरून समुपदेशन करते. दर आठवड्याला त्याच थेरपिस्टबरोबर चालणारी फॅमिली थेरपी आणि हेल्पलाइन यांत फरक आहे, पण पहिलं पाऊल म्हणून हेल्पलाइन चांगली.

पहिल्या सेशनआधी हे पाच प्रश्न विचारा

1. तुमचं शिक्षण काय, नोंदणी कुठे आहे?
2. कुटुंबांबरोबर किंवा जोडप्यांबरोबर काम केलंय का?
3. एकाने एकांतात सांगितलेलं दुसऱ्याला सांगता का?
4. नोंदी कुठे ठेवता, किती काळ?
5. सेशनमध्ये वाद चिघळला किंवा नेट गेलं, तर पुढे काय करायचं?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर नीट ऐका. ज्याने घरातली भांडणं स्क्रीनवरून हाताळली आहेत, त्याच्याकडे ते तयार असतं. आणि घरातले बाकीचे तयार नसतील, तरी थांबू नका. एकट्यानेही सुरुवात करता येते. एकाचं वागणं बदललं, तरी भांडणाचा ठरलेला क्रम तुटायला लागतो.