चायना कटरचं मूळ

३ जून २०२०ला निसर्ग वादळाने श्रीवर्धन-दिवेआगरच्या वाड्या आडव्या केल्या. त्या पावसाळ्यात माझ्या दुकानात दुरुस्तीला आलेले लाकूड कापायचे कटर, म्हणजे साखळीच्या करवती, बहुतेक चायना नकला होत्या. ही नक्कल नेमकी कशाची, असं गिऱ्हाइकं अजून विचारतात.

आंद्रेआस श्टील यांनी १९२६ साली जर्मनीतल्या श्टुटगार्टला कारखाना काढला. त्यांची १९२९ची पेट्रोलवरची करवत ४६ किलोची, धरायला दोन माणसं लागत. एकट्याने चालवायची १६ किलोची करवत १९५०मध्ये आली. पण सुरुवातीच्या करवतींच्या साखळीचे दात लाकूड खरवडायचे. अमेरिकेतल्या ऑरेगनमधला लाकूडतोड्या जो कॉक्स याने लाकूड पोखरणाऱ्या अळीचे जबडे नीट पाहिले आणि १९४७मध्ये डावी-उजवीकडे सालपं काढणाऱ्या वाकड्या दातांची साखळी बाजारात आणली. आज कुठल्याही करवतीची साखळी, अस्सल असो की चायना, त्याच कल्पनेवर चालते.

आपल्याकडचे ५२ आणि ५८ सीसीचे चायना कटर मात्र जर्मन घराण्यातले नाहीत. ते झेनोआ या जपानी कंपनीच्या करवतीवर बेतलेले आहेत. ती कंपनी २००७मध्ये स्वीडनच्या हुस्कवार्नाने घेतली. श्टीलच्या ९२ सीसीच्या ‘एमएस ६६०’ची नक्कल वेगळी. तिचे सुटे भाग चीनहून पेटीत येतात आणि अमेरिकेतले हौशी लोक घरी बसून करवत जोडतात. पेटंटची मुदत संपली की तशी रचना कोणीही करावी, त्यात गैर काही नाही. स्वतःच्या नावाने विकलेल्या नकलेशी माझं वैर नाही. तिच्यामुळे गड्याच्या हातात स्वतःचं मशीन आलं. दुसऱ्याचं नाव छापून विकणं ही सरळ चोरी.

फरक उघडल्यावर दिसतो. चांगल्या सिलिंडरच्या आत निकेलचा कडक लेप असतो. स्वस्तातल्या कित्येक सिलिंडरांत तो सायलेन्सरकडच्या भोकाशी सुटलेला मी पाहिलाय, मग पिस्टन ओरखडतो. तो बदलता येतो. मला काळजी ब्रेकची वाटते. बारचं टोक वरच्या बाजूने फांदीला टेकलं की करवत उसळून तोंडाकडे येते. असे अपघात पाहूनच श्टीलने १९७२मध्ये साखळी थांबवणारा ब्रेक आणला आणि पुढच्या वर्षी हुस्कवार्नाने झटक्यासरशी आपोआप लागणारा. नकलेत ब्रेकचा पुढचा दांडा दिसतो तसाच, पण आतला पट्टा कधी ढिला, कधी स्प्रिंग मऊ.

म्हणून माझं एक ऐका. मशीन कुठलंही असो, कामाला लागण्याआधी ते जमिनीवर ठेवून चालू करा, दोन्ही हातांनी घट्ट धरा, थोडी रेस द्या आणि डाव्या मनगटाने पुढचा दांडा ढकला. साखळी जागच्या जागी थांबली नाही, तर दुरुस्त होईपर्यंत त्या मशीनने एक फांदीही कापू नका.