आद्य वसविणारे कोण? : हरिहरेश्वर परिसरातील मार्गनामाचा एक विचार

मार्गाला नाव देणे हे वरकरणी शासनाचे काम आहे. परंतु ते नाव एखाद्या कृषिप्रदेशाच्या आद्य वसविणाऱ्यांच्या गौरवार्थ द्यावे असा विचार पुढे आला, की प्रश्न इतिहासाच्या अभ्यासकाकडे येतो. कारण ‘आद्य’ कोण याचा निर्णय केल्यावाचून असे नाव देता येत नाही. प्रस्तुत टिपणात हरिहरेश्वर व त्याच्या आसपासचा किनारा समोर ठेवून या प्रश्नाचा विचार करावयाचा आहे.

रेवसपासून रेडीपर्यंतच्या सागरी महामार्गाची कल्पना बॅ. अंतुले यांच्या मुख्यमंत्रिपदाच्या काळाशी (१९८०-८२) जोडली जाते. या मार्गाच्या ओघात, हरिहरेश्वराजवळ, सावित्री नदी समुद्रास मिळते. खाडीच्या उत्तर तीरावर बागमांडले, तर दक्षिण तीरावर वेसवी व बाणकोट आहे. मोठ्या मार्गांना व्यक्तींची नावे देण्याचा प्रघात महाराष्ट्रात रूढ आहे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गास यशवंतराव चव्हाण यांचे व मुंबई-नागपूर समृद्धी महामार्गास बाळासाहेब ठाकरे यांचे नाव दिलेले आहे. वसाहत करणाऱ्या समूहाचे नाव रस्त्यास देण्याची उदाहरणे परदेशांत आढळतात. दक्षिण आफ्रिकेत १८३० नंतरच्या दशकात केप वसाहत सोडून अंतर्भागात गेलेल्या बोअर शेतकऱ्यांना ‘व्होरट्रेकर’ म्हणतात. १९३८ मध्ये त्या स्थलांतराची शताब्दी साजरी झाली आणि हे नाव तेथील अनेक रस्त्यांना मिळाले. ज्या आफ्रिकी समाजांची शेते व कुरणे त्या भूमीवर पूर्वीपासून होती, त्यांचा मात्र या नावात उल्लेख नाही.

कोकणातही अशा गौरवात हाच धोका संभवतो, आणि त्याचे कारण आपल्या साधनांच्या स्वरूपात आहे. हरिहरेश्वराच्या उत्तरेस असलेल्या दिवेआगर येथील शके ९८२ चा (इ. स. १०६०) ताम्रपट मराठीच्या आरंभकालीन लेखांत गणला जातो. त्यात व्यवहाराशी संबंधित गृहस्थांची नावे येतात. दाभोळनजीकचे मुरूड गाव नव्याने कसे वसविले गेले याची हकीकत देणारा एक कागद विश्वनाथ नारायण मंडलिक यांनी एकोणिसाव्या शतकात, रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या नियतकालिकातून, विद्वानांपुढे ठेवला. श्रीवर्धनच्या भट घराण्याची माहिती आपणांस मिळते ती त्यांच्याकडील देशमुखीच्या वतनामुळे, आणि १७१३ मध्ये बाळाजी विश्वनाथ पेशवे झाले त्यामुळे. हरिहरेश्वर हे पेशव्यांचे कुलदैवत म्हणून प्रसिद्ध आहे. तात्पर्य, कागद लिहिला जातो तो दान, वतन किंवा अधिकार यांसाठी. आणि ज्याला यांपैकी काही मिळाले त्याचेच नाव कागदावर राहते.

शिवाय ‘आम्ही प्रथम वसाहत केली’ हे विधान कोकणात केवळ अभिमानाचे नव्हते. तो हक्काचा पाया होता. ओसाड जमीन लागवडीस आणणाऱ्यास पहिली काही वर्षे कमी व पुढे क्रमाने वाढत जाणारा सारा लावून देण्याची इस्ताव्याची पद्धत होती. गावे पुन्हा वसविण्यात खोतांनी पुढाकार घेतला, बीजभांडवल पुरविले व सरकारी वसुलाची हमी घेतली, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु पूर्वजांनी गाव वसविले म्हणून गाव आमचे, हा युक्तिवादही त्यातूनच उभा राहिला. खाडीच्या दक्षिणेस रत्नागिरी जिल्ह्यात या वादाचा निकाल लावण्यासाठी १८८० चा खोती कायदा झाला. उत्तरेचे हरिहरेश्वर १९४८ पर्यंत जंजिरा संस्थानात असल्यामुळे दोन तीरांचा महसुली इतिहास एकच समजणे बरोबर होणार नाही. तरीही हा प्रश्न साऱ्या किनाऱ्याचा होता. अलिबागजवळील चरी व आसपासच्या गावांतील कुळांनी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९३३ पासून १९३९ पर्यंत खोतांच्या जमिनी कसण्याचे नाकारले. डॉ. आंबेडकर यांनी १९३७ मध्ये मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले; आणि खोती रद्द करणारा कायदा अखेर १९४९ चा. ज्या दाव्याचा असा निकाल लागला, तो मार्गनामाच्या रूपाने नकळत पुन्हा प्रस्थापित होऊ नये.

मग भूमी घडविली कोणी? या किनाऱ्यावरील भातशेतीचा मोठा भाग खाऱ्या पाण्यातून काढलेला आहे. भरतीच्या पाण्यास मातीचा बांध घालावयाचा, उघाडीतून पावसाचे पाणी बाहेर सोडावयाचे, आणि जमिनीतील मीठ धुऊन निघेपर्यंत काही पावसाळे वाट पाहावयाची, असा हा उद्योग. बांध एकदा घालून भागत नाही. एका उधाणाने खांड पडली तर साऱ्या गावाचे पीक जाते. म्हणून पेण-अलिबागकडे शिलोत्राच्या जमिनी व बांधांच्या सामुदायिक दुरुस्तीची जोळ ही पद्धत रूढ झाली. १९४८ च्या खारभूमी कायद्याने शासन या कामात उतरले, त्यापूर्वी बांध टिकले ते या श्रमावर. त्यात आगरी, कुणबी, कोळी अशा अनेक समाजांचा वाटा आहे. बेने इस्राएल समाजही याच किनाऱ्यावरील गावांत तेलाचे घाणे चालवून राहिला आणि त्याने गावांवरून ‘कर’ अंती असलेली आडनावे घेतली. कोकणी मुसलमानांची वस्तीही खाडीच्या दोन्ही तीरांवर आहे. यांपैकी एकास आद्य म्हणावे तर इतरांस उपरे ठरविल्यासारखे होईल.

या मंडळींची नावे ताम्रपटात किंवा सनदेत सापडणार नाहीत. त्यांचे काम मात्र स्थलनामांत नोंदले गेले आहे. आगर म्हणजे नारळीपोफळीची बाग किंवा मिठाचे शेत. खार म्हणजे बांध घालून मिळविलेली जमीन. खाजण म्हणजे भरतीच्या पाण्याखालची दलदल. या शब्दांनी जमिनीची पूर्वस्थिती व तिच्यावर झालेला संस्कार दोन्ही कळतात. दिवेआगर हे नावच अशा श्रमाची साक्ष देते.

म्हणून मार्गाला एखाद्या मूळपुरुषाचे नाव देण्यापेक्षा त्या मार्गावरील प्रत्येक खार, आगर, बांध व तर यांची स्थानिक नावे मार्गफलकांवर शुद्ध स्वरूपात लिहिली जावीत, हे इतिहासाशी अधिक सुसंगत होईल. त्यासाठी ही नावे प्रथम गोळा व्हावयास हवीत. खाजणे भरून जात आहेत, शेते विकली जात आहेत, आणि शेताबरोबर त्याचे नावही जाते. सातबाऱ्यावर शेताचे स्थानिक नाव लिहिण्यासाठी स्वतंत्र रकाना आहे. गावोगावच्या वृद्धांकडून ती नावे पडताळून घेणे हे पदव्युत्तर अभ्यासकांच्या आवाक्यातील काम आहे. ते रस्त्याच्या रुंदीकरणापूर्वी झाले पाहिजे.